जास्तीच्या दहा बाटल्या

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या पठारावरच्या एका महिला बचत गटाचं आणि त्यांच्या कवठाच्या जेलीचं आहे. गाव धारूर आणि अंबाजोगाईच्या मधलं कुठलंतरी. नाव सांगत नाही, कारण गटातल्या बायकांनी तीच एक अट घातली होती. माणसांच्या ओळखीही पुसल्या आहेत. गटाच्या अध्यक्षांना इथं आक्का म्हटलंय, सगळ्यांत वयस्कर सदस्य माय, आणि हिशेब लिहिणारी सचिव. मी परभणीला अन्नतंत्र शिकलेय आणि हे माझ्या मामांचं गाव, म्हणून या भानगडीत माझाही हात आहे. तो कुठं चुकला तेही खाली येईल.

पार्श्वभूमी

या भागात रानमेवा म्हटला की आधी सीताफळ. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि गटाच्या डोक्यातही सीताफळच बसलं. त्यांनी त्याचा जॅम करून पाहिला. गर पातेल्यात तापला की कडवट होतो आणि रंगही बिघडतो, हे त्यांना पहिल्याच घाण्यात कळलं. ‘सीताफळ चुलीला भीतं,’ असं माय म्हणाली आणि तो विषय संपला.

राहिलं कवठ. कुणी न लावलेली पंचवीसेक झाडं गावाच्या शिवारात आहेत, काही बांधावर, काही गायरानात, दोन ओढ्याकाठी आणि एक देवळामागं. संक्रांतीच्या पुढंमागं कवठं पिकायला लागतात. महाशिवरात्रीला गूळ घालून चटणी होते, थोडी पोरं दगडावर फोडून खातात, बाकीची झाडाखाली कुजतात. कवठात आंबटपणा असतो आणि पेक्टिनही भरपूर असतं. पेक्टिन म्हणजे फळातला तो चिकट भाग, जो आंबट रसात साखरेबरोबर शिजला की थंड होताना जाळं धरतो. म्हणून जेली शिकवताना आमच्याकडं पेरूबरोबर कवठाचं उदाहरण हमखास असायचं.

गटात अकरा जणी. त्यातल्या पाच जणी दसरा-दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर कोयत्यावर जातात, ऊसतोडीला, आणि पाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे कवठाचा हंगाम येतो तेव्हा निम्मा गट घाटाखाली फडात असतो. गटाचा पैसा मात्र अकरा जणींचा, महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये. पुढं जो पेच आला त्यात ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

आदल्या वर्षी सचिवनं देवळामागच्या एकाच झाडाच्या कवठांची एक पातेलं जेली केली होती. वीसेक बाटल्या झाल्या. रंग जुन्या वाइनसारखा, चमच्यानं कापली तर कड तशीच उभी राहणारी. तालुक्याच्या प्रदर्शनात दुपारपर्यंत संपली. तेव्हाची कृती पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती: गर एक पातेलं, पाणी दीड पातेलं, उकळून गाळायचं, रसाला रसाइतकी साखर, एक लिंबू, चाळीस मिनिटं. या पानाच्या जोरावर त्या हंगामात दीडशे बाटल्या करायच्या आणि महाशिवरात्रीला परळीला वैजनाथाच्या यात्रेत विकायच्या, असं ठरलं.

अडचण कशी उभी राहिली

पहिला घाणा चांगला झाला. साखर सहा किलो, दोनशे ग्रॅमच्या बाटल्या भरल्या ४६. दुसऱ्या दिवशी साखर तेवढीच, भांडं तेच, चूल तीच. बाटल्या भरल्या ५६.

इथं क्षणभर थांबायला हवं होतं. कुणी थांबलं नाही. ‘देवाची बरकत झाली,’ म्हणून आक्कांनी नारळ फोडला. दहा बाटल्या म्हणजे आठशे रुपये, आणि ते आकाशातून पडल्यासारखे आले होते. साखर तेवढीच असताना माल जास्त भरला याचा अर्थ एकच होतो, की आत पाणी जास्त राहिलंय. मला कुणी फोनवर हे सांगितलं असतं तर मीही अभिनंदनच केलं असतं का? बहुधा हो. जास्त माल बघून कुणाला शंका येत नाही.

दुसऱ्या घाण्याची कवठं वेगळी होती. देवळामागच्या झाडाला तेवढी नव्हती म्हणून पोरांना ओढ्याकाठी पाठवलं आणि त्यांनी झाडाखालची पडलेली गोळा करून आणली. कवठाचा गर आत काळपट, मऊ, वासाला घमघमीत. खायला तेच गोड लागतं, पण अति पिकलेल्या फळातलं पेक्टिन तुटायला लागलेलं असतं. शिवाय गर घट्ट वाटला म्हणून सचिवनं पाणी वाढवलं. अर्क आधीच गडद असल्यामुळं साखर पडल्यावर लगेच रंग चढला. चाळीस मिनिटं झाली, रंग गेल्या वर्षीसारखा दिसला, पातेलं उतरवलं. वहीत लिहिलेलं सगळं पाळलं होतं.

सकाळी बाटली आडवी केली तर आतला माल गल्लीतल्या ओघळासारखा सरकत होता. ‘कामून हलायलंय हे?’ मायनं विचारलं. सचिव म्हणाली, दोन दिवसांनी लागेल, दह्यासारखं. हे अगदी चूकही नव्हतं. काही जेली जमायला चोवीस तास किंवा त्याहून जास्त घेतात. पण त्याच सकाळी जीप तालुक्याला निघाली होती आणि खोक्यांत दोन्ही दिवसांच्या बाटल्या मिसळल्या गेल्या. २४ बाटल्या एका दुकानदाराकडं विक्रीनंतर पैसे या बोलीवर, १६ ओळखीच्यांत, शिक्षक, सोयरे, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. अशा ४० बाटल्या गावाबाहेर पडल्या. लेबलवर गटाचं नाव आणि ‘कवठाची जेली’ एवढंच. कोणत्या दिवशी केली ते नाही.

नवव्या दिवशी एका शिक्षिकेनं फोटो पाठवला. झाकणाच्या आत जेलीवर रुपयाएवढा पांढरा-हिरवा बुरशीचा ठिपका.

बुरशी का आली हे दुसऱ्या दिवशी मी गावात जाऊन पाहिलं तेव्हा उघडच होतं. जॅम-जेली टिकते ती साखरेमुळं. विरघळलेला घन भाग शंभरात ६५ च्या वर असला की बुरशीला वापरता येईल असं पाणीच फारसं उरत नाही. अन्न सुरक्षेच्या मानकातही जेलीला किमान ६५ टक्क्यांचीच अट आहे. दुसऱ्या घाण्याचा हिशेब मांडला तर सहा किलो साखर आणि फळातला थोडा घन भाग, एकूण माल ११ किलो २०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम ५६ टक्के. वर झाकणं जुनी, लोणच्याच्या बाटल्यांची, धुतलेली पण आतल्या रबराला तेलाचा वास तसाच. आणि माल कोमट झाल्यावर भरलेला, ‘हात भाजतो म्हणून’.

समोर असलेले पर्याय

त्या रात्री आक्कांच्या ओसरीवर सहा जणी, मी आणि महाशिवरात्रीला उरलेले तेवीस दिवस. दोन प्रश्न होते. बाहेर गेलेल्या चाळीस बाटल्यांचं काय, आणि पुढं जेली जमवायची कशी.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं भराभर आली. आक्कांच्या पुतण्यानं तालुक्यातून जिलेटिनची पुडी आणली होती. ‘एक चमचा टाकला की दगड होतंय,’ म्हणाला. खरंच होतं. पण जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं आणि आपण विकणार होतो महाशिवरात्रीच्या उपासाला. मी हे सांगितल्यावर ओसरीवर कुणी बोललंच नाही. मग माय म्हणाली, ‘ती पुडी घराबाहेर ठेव आधी.’ या एका मुद्द्यावर चर्चा लागली नाही. चायना ग्रास शैवालापासूनचं, उपासाला चालवून घेणारे चालवतात, पण त्यानं जमलेला पदार्थ जेलीसारखा थरथरत नाही, चिरतो. शिवाय पातळपणाच तेवढा झाकला गेला असता, आतलं पाणी होतं तेवढंच राहिलं असतं.

पेक्टिन पावडर विकत आणायची हा पर्याय माझा होता. ती फळांपासूनच बनते. पण तालुक्यात मिळत नव्हती. मागवायची तर आठवडा जाणार, आणि प्रमाण चुकलं तर गाठी होतात. सचिवनं त्यावर विचारलेला प्रश्न मला आजही योग्य वाटतो: ‘ताई, मागच्या वर्षी तर काहीच टाकलं नव्हतं. मग झाडातच असंल ना ते?’

पहिला प्रश्न जास्त अवघड होता. मी सुचवलं की चाळीस जणांना फोन करू, बाटली आडवी करून बघायला सांगू, सरकत असेल तीच परत घेऊ. तोटा निम्म्यावर येईल. आक्का नाही म्हणाल्या. झाकणं दोन्ही घाण्यांची तीच होती, आणि ‘आडवी करून बघा’ म्हणणं म्हणजे आपलं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालणं. आणखी एक जण म्हणाली की कुणाला काही सांगूच नये, बुरशी काय लोणच्यालाही येते, वरची काढून खातात लोक. हे गावोगाव चालतं हे खरंय. पण बुरशीचे धागे दिसतात त्याच्या खाली खोल गेलेले असतात आणि काही बुरश्या विष सोडतात. पातळ जेलीत तर ते वरचं काढून जाणार नाही. मी तसं सांगितलं.

चाळीसच्या चाळीस परत घ्यायच्या तर पैसे कुणाचे? कोयत्यावरच्या पाच जणींनी या जेलीला हातही लावला नव्हता. त्यांच्या बचतीतून त्यांना न विचारता द्यायचे का? सचिव म्हणाली, नफा झाला असता तर त्यांना वाटा दिलाच असता, मग तोट्यातही धरा. आक्कांना ते पटेना. शेवटी फोन लावले. फडात रेंज नाही, तिघींशीच बोलणं झालं, तेही रात्री साडेनऊला, गाड्या भरून झाल्यावर. दोघींनी ‘तुमाला वाटंल ते करा’ म्हणून सोडून दिलं. तिसरी म्हणाली, ‘आमच्या वाट्याचं कापा. पण आल्यावर आमालाबी शिकवायचं. पापडावरच किती दिवस ठेवताव?’

चाळीसही परत मागवायचं ठरलं.

काय केलं

३१ बाटल्या परत आल्या. ओळखीच्या सोळांपैकी बारा, चौघांनी खाऊन संपवल्या होत्या आणि पैसे घेतले नाहीत. दुकानदारानं एकोणीस परत दिल्या, पाच विकल्या गेल्या होत्या. कुणाला, हे त्याला सांगता येईना, आणि त्या पाचांचे पैसेही त्यानं दिले नाहीत. ‘माझंच नाव खराब केलं,’ म्हणाला. त्याच्या जागी मीही चिडले असते. परत आलेल्यांपैकी सहा बाटल्यांत बुरशी निघाली, सहाही पातळ घाण्यातल्या. एकतीसही उकिरड्यात खड्डा करून रिकाम्या केल्या.

घरात उरलेल्या ६२ पैकी ३५ पातळ होत्या. तिघींत बुरशी दिसली, त्या टाकल्या. बाकीच्या बत्तीस कच्चट कवठांचा अर्क घालून पुन्हा आटवल्या. जेली जमली, पण दोनदा शिजल्यानं काकवीसारखा वास आला. ती विकायची नाही, घरोघर वाटून घ्यायची असं ठरलं. जमलेल्या सत्तावीस बाटल्याही यात्रेला न्यायच्या नाहीत, नुसत्या फळीवर ठेवून बघायच्या.

मग तिसरा घाणा, आणि तो माझ्या नावावर आहे. मी परत गेले होते. जाताना थर्मामीटर देऊन गेले आणि फोनवर सांगितलं, १०५ अंशाला उतरवा. पुस्तकात तेच लिहिलेलं असतं. सचिवनं डोळ्यात तेल घालून १०५ ला उतरवलं. बाटल्या भरल्या ४१. सकाळी जेली रबरासारखी, आणि आठवडाभरात तळाला खडीसाखरेसारखे कण.

पुस्तकातला १०५ चा आकडा समुद्रकाठचा आहे, जिथं पाणी १०० अंशाला उकळतं. जेली तयार होते ती पाण्याच्या उकळबिंदूच्या साडेचार-पाच अंश वर. दर तीनशे मीटर चढलं की पाणी सुमारे एक अंश आधी उकळतं. हे पठार सहाशे-सातशे मीटरवर आहे. सचिवला आधी नुसतं पाणी उकळायला सांगितलं, पारा ९८ वर थांबला. म्हणजे तिला १०३ च्या आत उतरवायला हवं होतं. दोन अंश पुढं गेल्यावर माल ७५ टक्क्यांच्या पुढं गेला, आणि तेवढी साखर थंड झाल्यावर विरघळलेली राहत नाही. याच गावात मी लहानपणी सुट्ट्या काढल्या, घाट चढताना एसटी कशी धापा टाकते ते ऐकलं, तरी हे मला सुचलं नाही.

त्यानंतर मी चार दिवस रजा काढून तिथंच राहिले. वहीचं पान बाजूला ठेवलं.

सगळ्यात आधी झाडं वेगळी केली. प्रत्येक झाडाच्या कवठांची वेगळी पाटी आणि पाटीवर खडूनं नाव: देऊळ, विहीर, गायरान एक, गायरान दोन, ओढा. पडलेली, तडकलेली कवठं बाद. झाडावरून काढलेलं कवठ वीतभर उंचीवरून फरशीवर टाकायचं, उसळी घेतलं तर कच्चं, धप्प बसलं तर पिकलेलं. ही परीक्षा मायला माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. तीन पिकलेल्यांना एक नुकतंच पालटलेलं, म्हणजे पिकायला लागलेलं, असं मिश्रण ठरवलं. पिकलेल्याचा वास, पालटलेल्याचं पेक्टिन.

अर्क गाळताना पंचा पिळायचा नाही. पिळला की अर्क जास्त निघतो पण जेली गढूळ होते. रात्री टांगून ठेवायचा. हे पाळणं सगळ्यात जड गेलं. पिळायची हातांना सवय असते.

मग स्पिरिटची परीक्षा. एक चमचा गार अर्क काचेच्या पेल्यात, वरून कडेनं दोन चमचे स्पिरिट, हलकं फिरवून पाच मिनिटं ठेवायचं. एक अख्खा पारदर्शक गोळा धरला तर पेक्टिन भरपूर, अर्काइतकी साखर चालेल. दोन-तीन मऊ गोळे झाले तर पाऊण पट. नुसते दोरे आणि कणी झाली तर त्याची जेली करायचीच नाही, किंवा चांगल्या अर्कात मिसळायचं. पेला ओतून टाकायचा, चाखायचा नाही, ते स्पिरिट विषारी असतं. ‘आता जेलीला दारू पाजायलेत,’ म्हणून शेजारणी बघायला जमल्या. देवळाच्या आणि विहिरीच्या झाडानं अख्खा गोळा दिला, गायरानच्या दोन्हींनी तुकडे, ओढ्याच्या झाडानं नुसते दोरे. पडलेली नव्हे, झाडावरून काढलेली कवठं होती ही. म्हणजे दुसऱ्या घाण्यात पोरांचा दोष अर्धाच होता.

आटवणं कधी थांबवायचं यासाठी थर्मामीटरवरचा माझा विश्वास आता कमी झाला होता. कारखान्याकडं उसाची गोडी मोजायला नेतात ते ब्रिक्स मीटर एका शेतकऱ्यानं आणून दिलं, पण ते ३२ पर्यंतच दाखवतं. त्यावर उपाय निघाला: एक भाग जेली, दोन भाग पाणी, वजनानं मिसळून बघायचं आणि आकड्याला तीननं गुणायचं. २२ दाखवलं की झालं. तरी रोजच्या वापराला शेवटी तराजूच उपयोगी पडला. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवायचं, आणि आतला माल साखरेच्या दीडपट झाला की उतरवायचं. दोन किलो साखरेला तीन किलो. पहिल्या घाण्याला हा हिशेब लावून पाहिला तर ९ किलो २०० आला होता, सहाच्या दीडपटीला अगदी लागून. दुसऱ्याचा ११ किलो २००. जास्तीच्या दहा बाटल्या इथं कागदावर दिसल्या आणि आक्का बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसल्या.

भांडंही बदललं. आधीचं पातेलं जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं होतं, आंबट अर्काला ते नको, म्हणून जाड बुडाचं स्टीलचं घेतलं. सहा किलोऐवजी दोन किलो साखरेचा घाणा, कारण मोठं पातेलं आटायला वेळ घेतं आणि तेवढ्या उकळीत पेक्टिन तुटतं. नव्या बाटल्या, नवी झाकणं, दोन्ही उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं. माल उतरवल्याबरोबर, गरम असतानाच भरायचा, हाताला फडकं गुंडाळून.

लेबलवर घाण्याचा क्रमांक, तारीख आणि झाडाचं नाव. झाडाचं नाव खरं तर आपल्या हिशेबासाठी होतं. अन्न सुरक्षेची नोंदणीही याच आठवड्यात केली. तेव्हाच्या नियमानं वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना साधी नोंदणी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. शंभर रुपयांसाठी गट गेल्या वर्षीपासून थांबला होता असं नाही, ‘आपण काय कंपनी हाय का’ असं वाटत होतं.

निष्पत्ती

सहा घाण्यांत ९१ बाटल्या झाल्या. दीडशेचा आकडा सोडून दिला. यात्रेत ८४ विकल्या, ८० रुपयांनी. ‘उपासाला चालतं का?’ हा प्रश्न दर तिसऱ्या माणसानं विचारला आणि प्रत्येक वेळी माय लेबलवर बोट ठेवून सांगायची: कवठ, साखर, लिंबू. चौथं काही नाही. वाचता न येणारी बाई लेबल दाखवतेय हे गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं नसावं.

तरी हंगामाचा हिशेब तोट्यातच गेला. पातेलं, बाटल्या, वाया गेलेली साखर, परत दिलेले पैसे धरून सुमारे २,१०० रुपये खोट आली. ती अकरा जणींत वाटली, कोयत्यावरच्या पाच जणींसह. परतल्यावर त्यातली एक रुसली आणि दोन महिने बैठकीला आली नाही. फोनवर ज्या दोघींशी बोलणंच झालं नव्हतं त्यांतलीच. तिचं म्हणणं चूक नव्हतं.

फळीवर ठेवलेल्या सत्तावीस बाटल्या पाडव्यापर्यंत जशाच्या तशा राहिल्या, एकीलाही बुरशी नाही. म्हणजे जुन्या झाकणांचा दोष मी समजत होते तेवढा मोठा नव्हता. मुख्य दोष पाण्याचा होता. त्या हिशेबानं पहिल्या घाण्याच्या चौदा चांगल्या बाटल्या आम्ही उकिरड्यात ओतल्या. आक्कांना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘तवा म्हाईत होतं का?’

काय वेगळं करता आलं असतं

घाण्याचा क्रमांक पहिल्या दिवसापासून असता तर चाळीसऐवजी वीसेक बाटल्याच परत मागवाव्या लागल्या असत्या. यासाठी खडू लागला असता, बाकी काही नाही. माल बाहेर पाठवण्याआधी तीन दिवस फळीवर ठेवायचा हा नियमही तेव्हा नव्हता, आता आहे. जीप चुकली तरी चालेल असं ठरलंय. जीप आठवड्यातून दोनदाच तालुक्याला जाते, तेव्हा हे ठरवणं सोपं नव्हतं.

गटाची बैठक कोयता निघण्याआधी, दसऱ्यापूर्वी, घ्यायला हवी होती. हंगामात किती पैसे घालायचे आणि बुडाले तर कुणाचे, हे अकरा जणी समोर असताना ठरलं असतं तर रात्री साडेनऊचे फोन आणि नंतरचा रुसवा दोन्ही टळलं असतं. यंदा ती बैठक घटस्थापनेच्या आदल्या दिवशी झाली.

माझ्या बाजूनं सांगायचं तर १०५ हा आकडा देताना आधी तिथं पाणी किती अंशाला उकळतं एवढं विचारायचं होतं. आणि मी मायला पहिल्यांदा प्रश्न विचारला तो चौथ्या दिवशी. पहिल्या दिवशी विचारला असता तर ओढ्याच्या कवठांबद्दल तिनं तेव्हाच सांगितलं असतं. ‘त्या झाडाची चटणीबी पातळ होती,’ हे ती नंतर सहज बोलली.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. कवठांचे पैसे होतायत म्हटल्यावर विहिरीजवळच्या बांधाच्या मालकानं हंगामाचे पाचशे रुपये मागितले. आधी तो कवठं न्या म्हणून मागं लागायचा, झाडाखाली बैल बांधता येत नाही म्हणून. गटानं पाच बाटल्या द्यायची तयारी दाखवली, तो पैशावर अडलाय. गायरानातल्या झाडांवर कुणी हक्क सांगितलेला नाही, पण वरच्या फांद्यांची कवठं वानरांसाठी सोडायची हे मायनं आधीच बजावून ठेवलंय.

यंदाचा पहिला घाणा देवळामागच्या झाडाचा झाला, दोन किलो साखर, पंधरा बाटल्या. ओढ्याच्या झाडानं पेल्यात पुन्हा दोरेच दिले. ती पाटी चटणीला गेली.